पूर्वेकडची चूल

आमच्या घरामागच्या बागेत, पेरू आणि कढीपत्ता यांच्या मध्ये, बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद असा एक कौलारू मांडव आहे. त्याला भिंत एकच, तीही कमरेइतकी. गवंडी त्याला शेड म्हणत असे, नातू आऊटडोअर किचन म्हणतो आणि आमच्या वहिनी परसातली चूल म्हणतात. नाव वहिनींचेच टिकले. ही जागा उभी राहायला पाच महिने आणि १ लाख ९२ हजार रुपये लागले. अंदाजपत्रक १ लाख ४० हजारांचे होते. माझी पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांची अंदाजपत्रके तपासण्यात गेली. स्वतःचे तपासायची वेळ आली तेव्हा समोरच्या खुर्चीत कोणी अधिकारी बसलेला नव्हता.

आमचा मूळचा वाडा सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही. वडिलांची हळद-गुळाची अडत होती. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खणलेल्या पेवांतून हळद साठवली जायची. पेवाचे तोंड उघडले की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणाला खाली उतरू देत नसत, एवढे मला लहानपणापासून आठवते. ज्या हळदीवर आमचे घर चालले, ती ओली असताना घरात येत नसे, कारण ती कंद. उकडून, वाळवून, पॉलिश होऊन आली की मग ती आमची. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते. आम्हाला ती कधी जाणवली नाही.

वाड्याच्या मागे परस होते आणि परसात आईची चूल. रोजचा स्वयंपाक आत गॅसवर होई, पण होळी झाली की खरा कारभार परसात चाले. कुरडयांचा चीक तिथे शिजे, पापडाचे पीठ तिथे कुटले जाई, अक्षय तृतीयेला खपली गव्हाची हुग्गी तिथेच रटरटत असे. माणसे बावीस. आई गेल्यावर ती चूल मोठ्या वहिनींकडे आली. मातीची चूल दरवर्षी थोडी झिजते आणि दरवर्षी थोडी लिंपावी लागते. वहिनी ते काम पाडव्याआधी करून मोकळ्या होत.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची; त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. वाड्याचा खालचा मजला आणि पेठेतले दुकान दोन्ही पाण्यात गेले. ओसरल्यावर आम्ही परत गेलो तेव्हा कपाटे उलटलेली, दारे फुगलेली, सगळीकडे गाळ. परसात चुलीच्या जागी एक बुटका ढिगारा होता. माती मातीत विरघळली होती. वहिनी त्या ढिगाऱ्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग भांडी धुवायला लागल्या.

दुकान पुन्हा उभे करायला अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, मी सहा लाख रुपये दिले. दोन वर्षांनी वाडा विकला आणि वाटणी झाली. वाटणीचा हिशेब मी केला, घरात एम.कॉम. मीच. त्या हिशेबात सहा लाखांवर व्याज धरले होते. दर जास्त नव्हता. मुदत ठेवीवर मला जे मिळाले असते तेवढाच. आकड्यांत एका रुपयाची चूक नव्हती. अण्णांनी शब्दही न बोलता मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या धनादेशांनी पाठवले. ते वेगवेगळे का पाठवले, हे समजायला मला बराच काळ लागला. त्यानंतर लग्नकार्यात नमस्कार होत, मंदिरात भेट होई. पण अण्णा माझ्या नव्या घरी आले नाहीत आणि मी त्यांच्या घरी गेलो नाही.

नवे घर मिरज रस्त्याच्या बाजूला, उंचावर. मागे बाग, बागेत जुना आड. पहिल्या उन्हाळ्यात सौ. गच्चीवर एकटीने पापड वाळवत होती. मी म्हणालो, “बागेत एक मोठे स्वयंपाकघर बांधू. सगळ्यांना बोलावू.” ती म्हणाली, “आधी सगळे येतील का ते बघा.” मी ते ऐकले आणि नकाशा काढायला बसलो. मनात अण्णाच होते, पण नकाशा काढणे सोपे असते.

उघड्यावरची स्वयंपाकघरे मी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. पहिली बदली रत्नागिरीला. तिथल्या घरांच्या पडवीत चुलाणावर तांब्याचा हंडा चढलेला असे, आणि आंघोळीच्या त्याच विस्तवाच्या कडेला फणसाच्या आठळ्या भाजल्या जात. विस्तव एक, कामे दोन. ही काटकसर मला तेव्हाच आवडली होती.

पण खरे शिकवले ते कच्छने. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर काही वर्षांनी माझी बदली भुजला झाली. पुनर्वसनाच्या कर्जांच्या निमित्ताने बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या खेड्यांत जावे लागे. तिथले गोल मातीचे भुंगे त्या भूकंपात चांगले टिकले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला लक्षात राहिला तो त्यांच्या बाहेरचा ओटा. एका कुटुंबाचे दोन-तीन भुंगे एकाच उंच ओट्यावर उभे असतात. मी पाहिलेल्या अंगणांत स्वयंपाकाची जागा झोपायच्या भुंग्याबाहेर होती. मातीने सारवलेली, कमरेइतक्या भिंतीने वेढलेली. एवढीच भिंत का, असे मी एका वृद्ध गृहिणीला विचारले. ती हसली आणि तिने हात आधी विस्तवाच्या उंचीवर धरला, मग डोक्यावर नेऊन हवेत सोडून दिला. वारा खाली अडवायचा, धूर वर जाऊ द्यायचा. रणातला वारा ज्योत आडवी करतो. उंच भिंत घातली तर धूर बाईच्या डोळ्यांत कोंडतो. कमरेइतकी भिंत दोन्ही भागवते. कर्जाच्या कागदांत ही गोष्ट लिहायला रकाना नव्हता, पण ती मला वीस वर्षे आठवत राहिली.

निवृत्तीनंतर सौ.ला घेऊन चेट्टिनाडला गेलो. तमिळनाडूतील कारैकुडीच्या आसपासची ही गावे नाट्टुकोट्टै चेट्टियारांची. सावकारी आणि व्यापार करणारा समाज, ब्रह्मदेशापर्यंत पेढ्या. तिथून ब्रह्मी सागवान आणले आणि वाडे उभारले. कानाडुकात्तानला आम्ही पाहिलेला वाडा एका रस्त्यापासून सुरू होऊन मागच्या रस्त्याला संपत होता. आधी पाहुण्यांचा सोपा, मग कार्याचे अंगण, मग जेवणाचे, आणि सर्वात शेवटी स्वयंपाकाचे उघडे अंगण. तिथे दगडी रगडे आणि उखळे ओळीने मांडलेली, आणि त्या अंगणाला स्वतःचे मागचे दार. सरपण, पाणी, केळीची पाने सगळे त्या दाराने येणार. बैठकीतल्या माणसाला पत्ताही लागणार नाही. तिथल्या आरशासारख्या चकचकीत भिंतींच्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक घालत, असे दाखवणाऱ्याने सांगितले. भिंतीवरून प्रेमाने फिरणारा सौ.चा हात तत्काळ मागे आला. पुढच्या तीन खोल्या तिने हात पदरात गुंडाळून पाहिल्या.

तर कच्छची भिंत, चेट्टिनाडचे मागचे दार आणि रत्नागिरीचा दुहेरी विस्तव, असा माझा नकाशा. त्याला मी प्रकल्प अहवालासारखे स्वरूप दिले. उद्देश, जागा, साहित्य, खर्च, वेळापत्रक. सौ.ने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “ओटा किती उंच?”

“३६ इंच. हल्ली तेवढाच करतात.”

“करणारे कोण?”

मी उत्तर शोधत असताना ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि कोपरात हात वाकवला. “इथून चार बोटे खाली. सगळ्याची मापं घेतलीत, माझं तेवढं राहिलं.” ते भरले ३३ इंच. तीन इंचांचा फरक कागदावर काही नाही. पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापताना तो खांद्याला कळतो. त्याच दिवशी तिने आणखी एक अट घातली. वहिनींचे गुडघे गेलेत, त्यांना जमिनीवर बसता येणार नाही. म्हणून चूल जमिनीवर नको. फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर घ्यायची, म्हणजे स्टुलावर बसून ती हाताशी येईल. वहिनी येणार की नाही याचा पत्ता नव्हता, पण त्यांची जागा नकाशात पडली.

जागा ठरवताना मी उदबत्तीचा आधार घेतला. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशी तीन वेळा बागेत उदबत्ती लावायची आणि धूर कुठे जातो ते वहीत लिहायचे. दिवाळीनंतर सुरुवात केली तर सकाळचा धूर पूर्वेकडून थेट घरात येऊ लागला. मी जवळजवळ चूल बागेच्या दुसऱ्या टोकाला नेणार होतो. मग लक्षात आले की हे थंडीतले वारे आहेत. आपल्या पठारावर थंडीत वारा पूर्वेकडून येतो आणि उन्हाळा लागला की दुपारचा वारा पश्चिमेचा होतो. माझी चूल तापणार ती प्रामुख्याने फाल्गुन ते ज्येष्ठ. तेव्हा चूल घराच्या पूर्वेलाच बरी. धूर घरापासून लांब, गल्लीकडे जातो, आणि दुपारनंतर घराचीच सावली मांडवावर येते. थंडीतल्या सकाळसाठी पूर्वेला कमरेइतकी भिंत, तिला टेकून चूल, आणि कौलांच्या वर तीन फूट जाणारे धुराडे. वास्तुशास्त्राप्रमाणे अग्नीचा कोपरा आग्नेय. आमची जागाही आग्नेयेलाच आली. ती उदबत्तीने ठरवली, हे मी पाहुण्यांना सांगत बसत नाही.

पावसाळ्यात ही चूल बंद. यावर घरात चर्चाही झाली नाही. चातुर्मासात ओल्या जमिनीवर आणि ओल्या लाकडांत जीवजंतू अपार. तिथे विस्तव पेटवायचा म्हणजे त्यांच्यावरच पेटवायचा. पण या एका निर्णयाने बांधकाम किती सोपे झाले! चारी बाजूंच्या भिंती नकोत, झडपा नकोत, दारे नकोत. आठ महिन्यांच्या स्वयंपाकघराला छप्पर पुरते. पत्रा उन्हात तापतो म्हणून मंगलोरी कौले घेतली. छप्पर एका बाजूला नऊ फूट, दुसऱ्या बाजूला साडेसात, पुढे अडीच फुटांची वळचण.

फसलो तो पायात. आमची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक. गवंड्याने साडेतीन फूट, मुरूम लागेपर्यंत खणायला सांगितले होते. मी अंदाजपत्रकात ते दीड फूट केले. एवढ्याशा मांडवाला साडेतीन फूट पाया कशाला, असा माझा हिशेब. मार्गशीर्षात ओटा झाला, छान दिसला. फाल्गुनात जमीन वाळली आणि ओट्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भेग गेली. बोट शिरेल एवढी. गवंडी काही बोलला नाही. तो भेगेकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे पाहायचे टाळत होतो. अख्खा ओटा फोडला. मुरुमापर्यंत खणून काळी माती काढली, सहा-सहा इंचांचे मुरुमाचे थर पाणी मारून दुमुसाने ठोकले, वर दगडाचे सोलिंग आणि काँक्रीट. वाढलेल्या बावन्न हजारांतला मोठा वाटा या भेगेचा. कर्जदाराने असा पाया कापला असता तर मी त्याच्या फाइलवर काय शेरा मारला असता, ते मला नेमके माहीत आहे.

बाकीचे लवकर उरकतो. खाली शहाबादी फरशी, पाणी निथळेल इतका उतार, सांडपाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून केळींना. ओट्यावर ग्रॅनाइट, पण चुलीपासून दोन फूट लांब. विस्तवाशेजारी ग्रॅनाइट तडकतो. रोजच्या कामाला दोन शेगड्यांचा गॅस. सिलिंडर उभा, उघड्या बाजूला, खळग्यात कधीच नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर खाली साचून राहतो. सरपणासाठी फूटभर उंच पायांची लोखंडी मांडणी, आणि साठा पंधरा दिवसांपुरताच. जुन्या बाभळीत भुंगे शिरतात. म्हणून लाकूड आदल्या दिवशी उन्हात पसरायचे, जमिनीवर हलके आपटून, फोडून, पाहून घ्यायचे. हे काम नातवाकडे आहे. त्याच्या डोळ्यांना दिसते तेवढे माझ्या चष्म्याला दिसत नाही.

पाण्याची सोय आडाने झाली. बोअरचे पाणी आल्यापासून गाळलेल्या पाण्याची जिवाणी सोडायची कोठे, हा आमच्यासारख्या घरांना प्रश्नच पडतो. आडाचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचे आणि जिवाणी तळाला कडी असलेल्या भांड्याने अलगद पुन्हा आडात उतरवायची. मांडवापासून आड वीस पावलांवर आहे. नकाशात मी ते अंतर दोनदा मोजले होते, यावेळी सौ.ने विचारण्याआधी.

दिव्यावरून मात्र वाद झाला. वायरमन चार दिवे, एक पंखा आणि मांडवाभोवती रंगीत माळ असा आराखडा घेऊन आला. मुलालाही ते पसंत होते. संध्याकाळी मित्र येतील, बागेत बसतील. मी म्हणालो, दिवा नको. एकही नको. बागेत तिन्हीसांजेला दिवा लावला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती किड्यांचा थवा. खाली उघडी पातेली आणि पेटता विस्तव. मुलगा म्हणाला, “मग संध्याकाळी उपयोग काय?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आत दिवे आहेत, आत बसा, एवढेच मी म्हटले. एक विजेचा पॉइंट मिक्सरसाठी ठेवला, अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचसह. दिवा नसल्याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता: आता आवरायची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. ऊन पेरूवरून उतरले की हात आपोआप भराभर चालतात.

सगळे झाले आणि चूल राहिली. गवंड्याने विटा-सिमेंटची चूल बांधून दिली. तिसऱ्या पेटवणीला सिमेंट तडकले आणि धूर धुराड्याऐवजी पुढून येऊ लागला. बाजारातून लोखंडी चूल आणली. ती इतकी तापायची की पदर जवळ न्यायची भीती. ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत असताना निर्धूर चुली आणि गोबरगॅस यांवर मी सभांतून भाषणे केली होती. मातीची चूल कशी घालतात हे मात्र मला कधी शिकावेसे वाटले नव्हते. सौ. म्हणाली, “मला येत नाही. वहिनींना येते.” आणि आत निघून गेली.

मी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडले. “या भावजी,” म्हणाल्या, जणू मी कालच येऊन गेलो होतो. अण्णा झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी “बस” म्हटले आणि पान उलटले. मी वहिनींना काम सांगितले.

“किती माणसांची चूल?” त्यांनी विचारले.

“पंचवीस.”

“आणि धग कोण सोसणार?”

“सगळ्याजणी मिळून...”

“त्यांना विचारलंय का?”

मी गप्प राहिलो. वहिनी थोड्या हसल्या. “विचारा आधी. मग माती आणते.”

मी खरोखरच विचारले; दोन सुना, पुतणसून, सौ. चौघींनी मिळून चार अटी घातल्या. पुरुषांनी भांडी घासायची, ही त्यांतली सर्वात सौम्य. बाकीच्या इथे छापण्यासारख्या नाहीत, पण चारही मान्य करून मी पुन्हा गेलो.

वहिनी पुतण्याबरोबर आल्या, नदीकाठच्या शेतातली पोयट्याची दोन पोती घेऊन. माती चाळली, भिजवली, गव्हाचा भुसा आणि शेण घालून मुरवली. गवंडी टेप घेऊन उभा होता. वहिनींनी वीत उघडली. चुलीचे तोंड एक वीत, उंची एक वीत चार बोटे. मागे वैल काढला, चुलीतली धग वाया न जाता तिथे डाळ शिजावी म्हणून, आणि वैलाच्या मागून धुराड्याला वाट. पाच दिवस थोडे थोडे चढवत नेले; एकदम चढवले तर बसते, म्हणाल्या. मग बारा दिवस सावलीत वाळवली. रोज सकाळी रिक्षाने येऊन त्या पाण्याचा हात फिरवीत आणि केसाएवढी भेग दिसली तरी लिंपीत. मी एकदा म्हणालो, “रोज कशाला येता? मी बघीन की.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला भेग फार उशिरा दिसते भावजी.” मी मोडलेल्या ओट्याचे समजलो. त्या नेमके कशाचे म्हणत होत्या, ते मी विचारले नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी वर पाहिले. “चांदवा कुठाय?” आईच्या काळी चुलीवर, पाण्यावर, उखळावर पांढरे कापड ताणलेले असे, वरून पाल, कोळी, धूळ अन्नात पडू नये आणि पडणारा जीव विस्तवात जाऊ नये म्हणून. प्रकल्प अहवालात मी धुराड्याची जाडी लिहिली होती, चांदवा विसरलो होतो. ज्वाळेपासून दूर, ओट्याच्या आणि पाण्याच्या वर मलमलीचा चांदवा बांधला. खर्च चारशे दहा रुपये.

अक्षय तृतीयेला चूल पेटली. सकाळी मंदिरातून आलेल्या सगळ्यांना उसाचा रस दिला. भगवान ऋषभदेवांचे पारणे राजा श्रेयांसाने उसाच्या रसाने घडवले तो हा दिवस, आणि ऊस तर आमच्या सांगलीत दारात. कांडलेल्या खपलीची हुग्गी पहाटेच्या उजेडापासून शिजत होती. चुलीवर भाकऱ्या, वैलावर आमटी, गॅसवर भात. सौ. ओट्याशी उभी, वहिनी स्टुलावर चुलीसमोर. फुंकणीला हात लावायची वेळ फारशी आली नाही. धूर कौलांवरून गल्लीकडे जात होता. नातू उदबत्तीची वही घेऊन त्याची दिशा लिहीत होता.

अण्णा साडेदहाला आले. कोणी बोलावले ते मला माहीत नाही. त्यांनी मांडवाला एक फेरी घातली, भिंतीवर हात ठेवून पाहिला, चुलीपुढे थोडे थांबले, आणि पेरूखालच्या खुर्चीवर बसून म्हणाले, “किती लागले?”

“१ लाख ९२ हजार.”

“वही दाखव.”

मी आतून वही आणली. व्यापाऱ्याच्या सवयीने त्यांनी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. गवंडी, बिगारी, कौले, मुरूम, चांदवा.

“हिची मजुरी दिसत नाही,” ते म्हणाले.

चुलीजवळून वहिनी म्हणाल्या, “अहो, काय हे!”

“सतरा दिवस रोज येत होती. रिक्षाभाडंसुद्धा नावे टाकलेलं नाही. हिशेब चुकला तुझा.”

मी म्हणालो, “अण्णा, याच्या आधीचाही चुकला होता.”

त्यांनी वही मिटली. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग सुनेने समोर ठेवलेल्या वाटीतली हुग्गी चमच्याने ढवळून पाहिली आणि म्हणाले, “गूळ आपल्या पेठेतला दिसत नाही. पुढच्या वेळी मला सांगत जा.”

दुपारी भांडी आम्ही पुरुषांनी घासली. अण्णांनी कळशी घासायला घेतली आणि ती त्यांच्याकडून तासभर सुटेना. पावणेसातला ऊन पेरूच्या शेंड्यावरून निघाले. वहिनींनी निखाऱ्यांवर राख ओढली, चुलीच्या तोंडाशी हात धरून धग पाहिली आणि सौ.ला म्हणाल्या, “बुधवारी चीक शिजवू. गहू आजच भिजत घाल.”